तारली आणि तापमान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: तारली आणि समुद्राचं तापमान यांचा संबंध आलेखात ढळढळीत दिसतो, तरी तो माशांच्या साठ्याचा अंदाज करणाऱ्या मॉडेलमध्ये घालताना मी ‘जपून’ म्हणतो, ही पळवाट आहे.

घालणं सोपंच आहे. रिकरच्या समीकरणात, म्हणजे अंडी घालणाऱ्या माशांवरून नवी भरती (साठ्यात दाखल होणारे नवे मासे) काढण्याच्या सूत्रात, एक पद वाढतं: लॉग(नवी भरती ÷ अंडी घालणारा साठा) = अ − ब × साठा + क × तापमान. अ, ब, क हे माहितीवरून काढायचे आकडे. क ०.३ निघाला तर एका अंशाला भरती ३५ टक्क्यांनी वाढते. गोम आहे ती या क वर किती भरवसा ठेवायचा यात.

कॅलिफोर्नियातल्या सार्डिनचा, म्हणजे तिथल्या तारलीचा, कोटा (वर्षाला किती मासळी पकडायची ती मर्यादा) बघा. १९९८ साली ठरलेला नियम असा: साठ्यातून दीड लाख टन वजा, उरलेल्याचे ५ ते १५ टक्के, त्यातला ८७ टक्के अमेरिकेचा वाटा. हा ५ ते १५ चा आकडा ठरायचा कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्र-संशोधन संस्थेच्या धक्क्यावर मोजलेल्या तापमानाच्या तीन वर्षांच्या सरासरीवरून. साठा ५ लाख टन धरला, तर पाणी गार असताना कोटा १५,२२५ टन, उबदार असताना ४५,६७५ टन. म्हणजे तिप्पट फरक, तोही एका थर्मामीटरवर! २०१० साली नंतरच्या वर्षांची भर घालून पुन्हा हिशेब केला, तर धक्क्यावरच्या तापमानाचा भरतीशी संबंध टिकला नाही. अंडी पडतात खुल्या समुद्रात. काठावरचं पाणी त्याचं प्रतिनिधी राहिलं नव्हतं. पुढे खुल्या समुद्रातल्या सर्वेक्षणाचं तापमान घेतलं गेलं. २०१५ मध्ये मात्र तिथली मुख्य सार्डिन मासेमारीच बंद करावी लागली. त्याचं सगळं खापर थर्मामीटरवर फोडता येणार नाही, हेही खरं.

शिवाय भरती आणि तापमान दोन्ही हळूहळू सरकतात. दोन्हींत लागोपाठच्या वर्षांचा सहसंबंध ०.६ असेल, तर तीस वर्षांची माहिती जेमतेम चौदा वर्षांच्या तोलाची उरते. त्यात पाऊस, वारा, क्षारता असे दहा घटक लावून बघितले की एखादा योगायोगानेही जुळतो.

म्हणून शेवटची आठ-दहा वर्षं झाकून ठेवा, आधीच्या वर्षांवर क काढा आणि झाकलेल्या वर्षांचा अंदाज करा. तापमानाविनाच्या मॉडेलपेक्षा चूक कमी झाली नाही, तर ते पद काढून टाका.

आणि तुमच्या आलेखात उभ्या अक्षावर बंदरात उतरलेली मासळी आहे, साठा नव्हे. पर्ससीन (मोठं गोल जाळं टाकणाऱ्या) नौका वाढल्या की तो आकडा पाण्याशी काही देणंघेणं नसताना वर जातो. नौकांच्या फेऱ्यांचे वर्षवार आकडे असतील तर पाठवा. आधी दर फेरीमागची मासळी काढू, तापमान त्यानंतर.