६ किलो ४०० ग्रॅम

आज एका बोरन्हाणाला जाऊन आले. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, सगळं साग्रसंगीत. औक्षण व्हायच्या आधीच एका मामेसासूबाईंनी उत्सवमूर्तीला उचललं, बाजारात कलिंगड हातात घेऊन अंदाज करतात तसं दोनदा वरखाली केलं आणि निकाल दिला, "अगं, हिने तर बाळसंच धरलं नाही! दूध पुरतंय ना तुझं?"

वीस बायकांसमोर. आई हसली, "हो पुरतं ना" म्हणाली, आत गेली आणि दहा मिनिटं बाहेरच आली नाही.

बाळ ७ महिन्यांचं. मुलगी. वजन ६ किलो ४००. आणि घरात गेला आठवडाभर सुतक असल्यासारखं वातावरण, कारण गेल्या महिन्यातही वजन ६ किलो ४००च होतं म्हणे. महिन्यात एक ग्रॅम वाढ नाही!

आता हे वजन कसं झालं ते ऐका. डिसेंबरात एका दवाखान्यात तिला स्वेटर, कानटोपी, मोजे आणि ओल्या डायपरसकट काट्यावर ठेवलं. या महिन्यात अंगणवाडीत ताईंनी नियमाप्रमाणे सगळे कपडे काढून वजन केलं. ओला डायपर एकटाच २०० ग्रॅमपर्यंत सहज जातो. वर लोकरीचे कपडे, चांदीचे वाळे. झाले ३०० ग्रॅम. बाळाचं माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं तर डिसेंबरचं अंगणवाडीतलं वजन समोरच लिहिलेलं, ६ किलो १००. म्हणजे मुलगी महिन्यात ३०० ग्रॅम वाढली, या वयात वाढायला हवी तेवढीच. आठवडाभर रडारड केली ती स्वेटरच्या वजनावरून, आणि कार्ड पूर्ण वेळ कपाटात, लसीकरणाच्या फाईलमध्ये.

बाळाचं वजन करायची एक रीत असते हो. काटा आधी शून्यावर आलाय का ते बघायचं. कपडे, डायपर, वाळे, साखळ्या सगळं उतरवायचं. दर वेळी तोच काटा, आणि शक्यतो पाजायच्या आधी, कारण १०० मिली दूध पोटात गेलं की काटा १०० ग्रॅम जास्त दाखवणारच. बाळ हातपाय झाडत असेल तर थांबायचं, आकडा स्थिर झाल्यावर पुन्हा एकदा बघायचा. महिन्यातून एकदा पुरे. ऑनलाइन काटा मागवून रोज सकाळी बाळ तोलणाऱ्या आया मला माहीत आहेत. शी झाली की वजन कमी, दूध प्यायलं की जास्त. त्यातून कळत काही नाही, आईची झोप तेवढी उडते.

आणि सुटा आकडा कधीच वाचू नका, रेष वाचा. माता-बाल संरक्षण कार्डात मुलीचा तक्ता गुलाबी असतो, मुलाचा निळा. दोन्ही वेगळे आहेत, मुलीचा ठिपका निळ्या तक्त्यावर पडला तर उगाच खाली दिसतो. या बाळाचे ठिपके असे: जन्मतः २.५, ३ महिन्यांना ४.८, ६ महिन्यांना ६.१, ७ महिन्यांना ६.४. ७ महिन्यांच्या मुलीची मधली रेष ७.६ किलोवर आहे आणि हिरवा, म्हणजे ठीक वजनाचा, पट्टा ६ किलोला संपतो. मुलगी हिरव्यात आहे. खालच्या बाजूला आहे, पण जन्मापासून त्याच वाटेने चाललीय. काळजी करायची ती ठिपका सलग दोन महिने आडवा सरकला, खाली वळला किंवा वरच्या रेषेवरचं बाळ घसरत खालच्या रेषेवर आलं तर.

आईला धीर द्यायला एक जण म्हणाली, "ते तक्ते गोऱ्यांच्या बाळांचे असतात गं, आपली मुलं बारीकच." हेही चूक! हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सहा देशांतल्या मुलांवरून केले आणि त्यात दिल्लीतली बाळं होती. आईचं दूध पिणारी, नीट जोपासलेली. तेव्हा 'आपल्याकडे असंच असतं' ही पळवाट नको.

पण मला खरा राग कशाचा आला सांगू? ही मुलगी ३६व्या आठवड्यात जन्मली. चार आठवडे आधी. वीस बायकांपैकी एकीनेही ते हिशेबात धरलं नाही. वाढ आणि विकास बघताना ते चार आठवडे वजा करायचे असतात, २ वर्षांची होईपर्यंत. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही.) म्हणजे ही ६ महिन्यांची धरायची, आणि ६ महिन्यांना ६.४ तर आणखीच ठीक.

तरी मामेसासूबाईंचं चालूच, "आमचा तर सहाव्यात रांगत होता, ही अजून बसत नाही." आधाराशिवाय बसणं साधारण ३.८ ते ९.२ महिन्यांत कधीही येतं. रांगणं ५.२ ते १३.५, आणि काही मुलं रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. एवढा मोठा पल्ला आहे आणि आपण शेजारच्या बंटीवरून ठरवणार.

भेट म्हणून वॉकर आणला होता. बाळ त्यात पायाच्या चवड्यांवर रेटा देतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सांभाळायची गरजच पडत नाही. चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं. जिना, गॅस, गरम चहाचा कप यांच्यापर्यंत मात्र ते भलत्या वेगाने पोचतं. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. त्यापेक्षा जमिनीवर चटई आणि पातळ गोधडी टाका, जाड गादी नको. दूध पचल्यावर, बाळ जागं असताना पालथं घाला, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, समोर वाटी-चमचा. दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात, दिवसातून चार-पाच वेळा. दिवसभर मांडीवर किंवा झोळीत असलेल्या बाळाच्या पाठीला बसायची ताकद येणार कुठून?

आता थोडं आईलाही बोलते, कारण मामेसासूबाई अगदीच चुकीच्या नव्हत्या. वजनाला थोडा जोर हवाच आहे. बाळाला काय देतेस विचारलं तर यादी आली: वरणाचं पाणी, भाताची पेज, सफरचंदाचा रस, नाचणी सत्त्व. चारही पदार्थ जवळजवळ पाणीच! एवढ्याशा पोटात एका वेळी जेमतेम २०० मिली मावतं. ते वरणाच्या पाण्याने भरलं की बाळ दूधही कमी पितं. आणि सत्त्व म्हणजे सत्त्व राहिलंय कुठे? नाचणी वाटून फडक्यातून गाळली की उरतो तो मुख्यतः स्टार्च. कॅल्शियमचा मोठा वाटा चोथ्याबरोबर जातो. मोड आणून, वाळवून, दळून बारीक चाळणीने चाळलेलं पीठ कितीतरी बरं.

तर असं करा. २ मोठे चमचे तांदूळ, १ मोठा चमचा मूगडाळ, कुकरला चार-पाच शिट्ट्या. मिक्सरमधून पातळ करायचं नाही, वाटीत चमच्याने घोटायचं. चमचा तिरका केला तरी घास सांडता कामा नये. वर एक छोटा चमचा तूप, त्यातून साधारण ४५ कॅलरी मिळतात, आणि या वयात बाहेरच्या अन्नातून दिवसाला २००च्या आसपासच लागतात. पूर्ण शिजलेलं अंडं, दाण्याचं बारीक कूट चालतं. मीठ, साखर वर्षाचं होईपर्यंत नको आणि मध तर मुळीच नको. दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा, आणि अंगावरचं दूध मागेल तेव्हा. लवकर जन्मलेल्या बाळांचा लोहाचा साठाही लवकर संपतो, तेव्हा थेंब चालू आहेत का ते डॉक्टरांना विचारायचं.

दूध पुरतं का, हे वीस बायकांत विचारायचं नसतं. पहिले सहा महिने फक्त अंगावर असताना दिवसाला सहा-सात वेळा फिकट लघवी आणि वाढणारं वजन, एवढ्यावरून कळतं. पंपात किती निघालं त्यावरून नाही. वजन अडलंच तर आधी पकड बघायची: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसणारा. बाळ नुसतं बोंडीशी चोखत असेल तर तासभर धरूनही पोट भरत नाही.

हो, कधी कधी खरंच काहीतरी असतं. पिताना घाम येणं, दमून सोडून देणं, ओठ निळे पडणं, पुन्हा पुन्हा ताप. चार महिने होऊनही मान न धरणं, मुठी कायम आवळलेल्या, आलेली गोष्ट विसरणं. तिथे 'होईल गं हळूहळू' म्हणत बसू नका. डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी फुकट होते.

मामेसासूबाईंनी नंतर आत जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हे सांगायला हवं. चार मुलं वाढवलीत त्यांनी, एकही काट्यावर न ठेवता. वाईट हेतू नव्हता. पण बोलल्या त्या बोलल्याच.

(आणि हो, बोरन्हाणात अख्खे शेंगदाणे, हलवा, बोरं सात महिन्यांच्या बाळाच्या हाताला लागू देऊ नका. घशात अडकतात. डोक्यावरून चुरमुरे तेवढे टाका, सणही होतो.)

हे टाइप करता करता बाळाच्या आईचा मेसेज आलाय. मऊ भात-वरण, तूप घालून, पाच चमचे पोटात गेलं. उरलेलं कानाला आणि केसांना. वॉकरमध्ये सासूबाईंनी कांदे-बटाटे भरून ठेवलेत.