लसीला घाबरणाऱ्या एमएस पेशंटला अडाणी म्हणू नका, त्याच्याशी नीट बोला

मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. पावसाळा तोंडावर आला की आमच्या पेशंट लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, फ्लूची लस घेऊ का? आणि खाली "अजिबात नको, माझ्या ओळखीतल्या एकीचे पाय गेले लसीनंतर" टाइपचे मेसेज. बाहेरचे लोक हे वाचून म्हणतात, शिकले सवरलेले असून असं कसं! मला या बोलण्याचा खूप त्रास होतो.

अहो, आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं की तुमचीच इम्युनिटी तुमच्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करतेय. मग त्याच इम्युनिटीला जागं करणारं इंजेक्शन घ्यायचं म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय?

आणि "पाय गेले" हे सुद्धा खोटं नसतं. लसीनंतर एक दोन दिवस ताप येतो, आणि अंगातली उष्णता थोडी जरी वाढली तरी आधीच मार बसलेल्या नसेतून सिग्नल नीट जात नाही, त्यामुळे जुनी लक्षणं वर येतात, नजर धूसर, पाय जड, मुंग्या. याला उथॉफ म्हणतात, जर्मनीतल्या विल्हेल्म उथॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1890 मध्ये हे लिहून ठेवलंय. हा नवीन अटॅक नसतो, ताप उतरला की बहुतेक वेळा सगळं पूर्ववत होतं. पण हे आधी कोणी सांगितलंच नसेल तर पेशंटला तो रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवीन अटॅकच वाटणार ना, आणि मग तो आयुष्यभर दहा जणांना सांगणार की लस घेऊ नका.

फ्रान्समध्ये तर सरकारच घाबरलं होतं. हेपॅटायटिस बीची लस घेतलेल्या काहींना एमएस झाल्याच्या केसेस आल्या, आणि ऑक्टोबर 1998 मध्ये शाळांमधली ती मोहीम थांबवली. 2001 मध्ये दोन मोठे अभ्यास आले, एकात लसीमुळे एमएस होतो असं दिसलं नाही, दुसऱ्यात लसींमुळे रिलॅप्स वाढतात असं दिसलं नाही. नंतर एका अभ्यासात संबंध दिसला हेही खरं, पण बाकी बहुतेकांत नाही. भीती मात्र तिथे वर्षानुवर्षं टिकली.

उलट इन्फेक्शनने रिलॅप्स येऊ शकतो हे पक्कं माहिती आहे. खरा फ्लू झाला तर तापही जास्त, दिवसही जास्त, वर रिलॅप्सची टांगती तलवार.

आता माझा खरा मुद्दा. आपल्याकडे बऱ्याच एमएस पेशंटना रिटक्सिमॅब देतात, कारण त्यामानाने परवडतं. हे औषध बी सेल्स नावाच्या इम्युनिटीच्या पेशी काढून टाकतं, आणि अँटीबॉडी त्यांच्यापासूनच तयार होतात, म्हणजे औषध सुरू झाल्यावर लस घेतली तर ती बऱ्याचदा नीट लागू होत नाही. कांजिण्या, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) यासारख्या जिवंत लसी, म्हणजे ज्यात कमजोर केलेला पण जिवंत व्हायरस असतो त्या, तर तेव्हा घ्यायच्याच नसतात. म्हणून साध्या, म्हणजे जिवंत नसलेल्या लसी शक्यतो पहिल्या डोसच्या निदान चार आठवडे आधी उरकाव्या लागतात. आणि बघा, ज्या हेपॅटायटिस बीच्या लसीची एवढी दहशत, तोच व्हायरस शरीरात लपलेला असेल तर रिटक्सिमॅबने उसळून लिव्हर निकामी करू शकतो, म्हणून त्याची रक्ततपासणी आधी करावीच लागते.

पण ओपीडीत एवढं बोलायला वेळ कुणाकडे आहे? औषध लिहिलं, तारीख दिली, चला पुढचा पेशंट. लसीबद्दल विचारलं की न्यूरो म्हणणार फिजिशियनला विचारा, फिजिशियन म्हणणार न्यूरोला विचारा, आणि मग पेशंट ग्रुपवर विचारतो. त्याला दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो!

डॉक्टर लोकांनो, कळकळीची विनंती आहे, औषध सुरू करायच्या आधी एकदा फक्त लसींवर बोला, ताप आला तर काय होईल, पॅरासिटामॉल कधी घ्यायची, किती दिवसांत बरं वाटलं नाही तर फोन करायचा, हे फाइलवर लिहून द्या. आणि ज्यांचा रिटक्सिमॅब अजून सुरू व्हायचाय त्यांनी तारीख घेण्याआधी विचारा, हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट झालाय का, कांजिण्यांच्या अँटीबॉडी बघितल्यात का, कुठल्या लसी राहिल्यात. सध्या रिलॅप्स चालू असेल तर लस कधी घ्यायची तेही तिथेच विचारून घ्या.