जुनं शहर जोडायचंय? मग पायी फिरू नका

परवा एका प्रेझेंटेशनला जायची दुर्बुद्धी सुचली. पुण्याच्या पेठांची कनेक्टिव्हिटी कॉम्प्युटरने कशी सुधारायची, हा विषय. स्क्रीनवर कसबा, बुधवार, शुक्रवार सगळ्या लाल-निळ्या रेघांत चमकत होत्या, लाल म्हणजे चांगली जोडलेली, आणि आमची गल्ली निळीशार, डेड एंड. आमच्या गल्लीतनं वाड्याच्या बोळातून मंडईकडे निघता येतं हे शेंबडं पोरगंही सांगेल. तर तुम्हालाही असा प्रोजेक्ट करायचा असेल (सध्या कोणाला नसतो) तर हे घ्या सल्ले, फुकट.

नकाशा घरबसल्या डाउनलोड करा. छपराखालचा बोळ सॅटेलाइटला दिसत नाही, म्हणजे तो नाहीच.

टू-व्हीलर कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये घेऊ नका, चित्र खराब होतं.

गणपतीचे दहा दिवस वगळा. पाऊसही.

फुटपाथची रुंदी मात्र नियमातनंच घ्या. रस्त्यांचे मापदंड ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते कमीत कमी १.८ मीटर मोकळा, म्हणजे असणारच मोकळा, टेप घेऊन लक्ष्मी रोडला जायचं कशाला? गेलात तर आधी विजेचा डीपी लागेल, डीपीला टेकून फ्लेक्सचा सांगाडा, मग दुकानाची वाढवलेली पायरी, पायरीवर साड्या नेसलेले पुतळे, पुतळ्यांपुढे कुणाची तरी बुलेट, आणि तिथून पुढे फुटपाथच नाही कारण केबलसाठी ब्लॉक उपसून ठेवलेत, खाली उतरलं की मागून रिक्षावाला हॉर्न देत म्हणतो ओ काका, फुटपाथवरनं चाला की! २०२४ च्या सप्टेंबरपासून मेट्रो मंडईला येते, जमिनीखाली सगळं गुळगुळीत, आणि वर आल्यावर माझ्या आईने, गुडघे गेलेत तिचे, पिशवी घेऊन घरापर्यंत कसं यायचं? तुमच्या मॉडेलमध्ये ती येते का? तिथे सगळे जण एकाच स्पीडने चालतात, गुडघे कोणालाच नाहीत!

असो. चिडायचं नाही.

एखादा नवा रस्ता सुचवाच. ब्राएस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ सालीच दाखवलंय की जाळ्यात नवा रस्ता जोडल्यावर कधीकधी सगळ्यांचाच वेळ वाढतो. हे कोणी विचारलं तर चहा मागवा.

निर्णय आधी घ्या, सिम्युलेशन नंतर चालवा.

आता सरळच बोलतो. कॉम्प्युटरचा काही दोष नाही हो. या लाल-निळ्या रेघांचं शास्त्र, स्पेस सिंटॅक्स, लंडनला बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलं. तिथल्या ट्रफाल्गर स्क्वेअरचं काम करताना लोक खरोखर कुठून चालतात, कुठली जागा टाळतात हे आधी उभं राहून पाहिलं, मोजलं, आणि मग उत्तरेचा रस्ता गाड्यांना बंद करून मधोमध रुंद पायऱ्या केल्या, २००३ मध्ये. आधी माणसं, मग मॉडेल. तुम्ही माणसं मोजायचीच विसरलात, किंवा तेवढ्या उन्हात कोण उभं राहणार!

आणि वर आम्हाला डेड एंड म्हणता. खरे डेड एंड आत्ता होताहेत, तुमच्या डोळ्यांदेखत. वाडा पडतो, सोसायटी उभी राहते, बोळाच्या तोंडाला गेट बसतं आणि जिथनं पिढ्यानपिढ्या लोक मंडईला गेले तिथे वॉचमन विचारतो, कोणाकडे जायचंय? बांधकामाची परवानगी देताना बोळ चालता ठेवायची एक अट घालायला कुठलं सॉफ्टवेअर लागतं? ती घालत नाही, फुटपाथ मोकळा करत नाही आणि डॅशबोर्ड कसले दाखवता? जरा लाज वाटू द्या. आधी ते गेट काढा.