सुटका नेमकी कुणाची?

सध्या एक मत बरंच फिरतंय: अमेरिकेतल्या चिनी आया-मुलींच्या कादंबऱ्या एक वाचली की सगळ्या वाचल्या. जुनाट, हट्टी आई. तिच्या तावडीतून सुटणारी अमेरिकन मुलगी. आणि हे सगळं गोऱ्या वाचकांना खूश करायला. दाखला दरवेळी एमी टॅन यांच्या 'द जॉय लक क्लब'चा (१९८९). म्हणून त्याच पुस्तकाबद्दल बोलते: चार चिनी आया आणि त्यांच्या अमेरिकन मुली यांच्या कथा.

आई जुनाट? त्या आयांपैकी लिंडोचं लग्न लहानपणीच ठरतं. माहेरच्या अब्रूला धक्का न लावता ती स्वतःच्या डोक्याने त्यातून बाहेर पडते. पुस्तकातली सगळ्यात धाडसी सुटका आईची आहे, तीही चीनमध्ये.

आईचं मोडकं इंग्रजी म्हणजे तिची टिंगल? सोळा कथांपैकी सहा आया स्वतः सांगतात, आणि तिथे त्यांची भाषा झऱ्यासारखी वाहते. मोडकं ऐकू येतं ते मुलींच्या कानांना. हा फरक ज्यांच्या लक्षात येत नाही, त्यांनी पुस्तक चाळलंय, वाचलेलं नाही.

हट्टी? नववर्षाच्या जेवणाचा प्रसंग बघा. खेकड्यांचं ताट फिरतं, जो तो मोठा खेकडा उचलतो. शेवटी दोनच उरतात, एक छान आणि एक पाय तुटलेला. आईला चांगला मिळावा म्हणून मुलींपैकी एक, जिंग-मेई, तुटक्याला हात घालते. आई तिला अडवते, मोठा तिच्याच पानात जातो. तुटका आई स्वतःकडे घेते, पण खात नाही. मुलगी काय करत होती, हे तिने बरोबर हेरलेलं असतं. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

गोऱ्यांसाठी लिहिल्याचा आरोप मात्र मी उडवून लावणार नाही. टॅन आणि आणखी एक चिनी-अमेरिकन लेखिका मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांनी चिनी लोककथांची मोडतोड केली, असं चिनी-अमेरिकन लेखक फ्रँक चिन यांनी तावातावाने मांडलं. तो वाद खरा आहे. पण लोककथा बदलली म्हणून आईचं दुःख खोटं ठरत नाही. टॅन यांच्या स्वतःच्या आईच्या तीन मुली चीनमध्येच राहिल्या होत्या. १९८७ साली आईसोबत तिकडे जाऊन टॅन त्यांना भेटल्या.

आणि मुलगी आईपासून सुटते म्हणता? युद्धाच्या पळापळीत आईला ज्या जुळ्या मुली रस्त्याकडेला ठेवाव्या लागल्या, त्यांना भेटायला जिंग-मेई आईच्या मृत्यूनंतर शांघायला जाते. तिघी बहिणी एका पोलरॉइड फोटोवर वाकून उभ्या राहतात. फोटोत हळूहळू तिघींचे चेहरे उमटतात, आणि तिघी मिळून आईसारख्या दिसतात.