‘तुमचंच काहीतरी तिथे असणार’ : त्या निनावी प्रतिक्रियेला उत्तर

जुना आणि ‘अडल्ट’ मजकूर सरसकट उडवणाऱ्या साइट्सवर आणि त्यावर चिडलेल्या लोकांवर मी लिहिलं होतं, त्याखाली परवा एक निनावी प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टम्बलर या ब्लॉगिंग साइटने २०१८ मध्ये काहीही डिलीट केलं नव्हतं, लेखिकेला विषयाची माहितीच नाही, असं सुरुवातीला. मग सर्व्हर त्यांचे, खर्च त्यांचा, फुकट वापरणाऱ्यांनी गप्प बसावं. मग लहान मुलांच्या शोषणाचे फोटो सापडत होते म्हणून हे करावं लागलं. आणि शेवटी, जसंच्या तसं देते, “अश्लील फोटो गेल्याचं तुम्हाला एवढं झोंबतंय म्हणजे तुमचंच काहीतरी तिथे असणार.”

पहिला मुद्दा मान्य. टम्बलरने ३ डिसेंबर २०१८ ला ‘अडल्ट’ मजकूर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १७ डिसेंबरपासून अशा पोस्ट प्रायव्हेट केल्या, म्हणजे ज्याची त्याला दिसत होती, बाकी कुणाला नाही. मी ‘डिलीट’ लिहिलं ते चुकलं, लेखात दुरुस्त केलंय. पण एक शब्द चुकला हे सांगायला ‘माहितीच नाही’ कशाला म्हणावं लागतं? साधं सांगितलं असतंत तर मी आभार मानून दुरुस्त केलं असतं, आजवर प्रत्येक वेळी केलंय. आणि ज्या बाईला ती पोस्ट शोधायची आहे तिच्या दृष्टीने लपवलेलं काय आणि पुसलेलं काय, तिच्या हाताला काहीच लागत नाही.

मुलांच्या शोषणाचं म्हणाल तर त्यावर माझं दुमत नव्हतंच. तसल्याच फोटोंमुळे नोव्हेंबर २०१८ मध्ये टम्बलरचं ॲप ॲपलच्या स्टोअरवरून गेलं होतं, हे मलाही माहीत आहे. ते काढायलाच हवं. पुढे.

आता शेवटचं वाक्य. याचं उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, कारण नाव लपवून कुणाच्याही चारित्र्यावर बोट ठेवायचं ही पद्धत मला कळतच नाही, पण मग वाटलं गप्प बसले तर तुम्हाला तुमचंच खरं वाटेल.

हो. माझंच होतं तिथे.

२०११ मध्ये माझा डावा स्तन काढला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कागदावर एक आडवी रेघ काढून दाखवली, इथून इथपर्यंत टाके येतील म्हणाले, आणि ते बरोबरच होतं, पण मला ती रेघ अंगावर कशी दिसते ते बघायचं होतं. रात्री दोन वाजता शोधता शोधता एका अनोळखी बाईचे फोटो सापडले. दुसऱ्या दिवशीचा, जखमेतलं पाणी काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या लटकतायत असा, मग टाके काढल्यावरचा, मग वर्षभरानंतरचा, त्यात ती सरळ उभी आहे आणि व्रण फिका पडलाय. चेहरा नव्हता, नाव नव्हतं. माझ्या रिपोर्टपेक्षा जास्त वेळा मी ते फोटो बघितले आणि त्या वर्षभरानंतरच्या फोटोमुळे मी सहीच्या कागदावर सही करू शकले, हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून नंतर मीही तेच केलं. ११ फोटो, चेहरा न दाखवता, अकाउंट न उघडता टाकता येतील अशा एका इमेज होस्टिंग साइटवर टाकले आणि लिंक पेशंट्सच्या एका ग्रुपमध्ये दिली. अकाउंट का नाही काढलं हे कृपा करून विचारू नका, अशा फोटोला कोण आपलं नाव जोडेल? त्याखाली अनेक वर्षं प्रश्न येत राहिले. हात पूर्ण वर कधी गेला, कुशीवर कधी झोपता आलं, नवऱ्याला पहिल्यांदा कधी दाखवलंत, ती जागा बधिर राहते ते कायमचं का. मी एकेकीला उत्तरं दिली.

मग त्या साइटचा नियम बदलला. जुने, अकाउंटला न जोडलेले आणि नग्नता असलेले फोटो काढणार म्हणाले, तिन्हीत मी बसत होते. एक दिवस फोटोंच्या जागी राखाडी चौकोन आले. मेल केला तर आपोआप येणारं छापील उत्तर आलं. अकाउंटच नाही तर हे फोटो माझे आहेत हे मी सिद्ध कसं करणार? नोटीसही कुणाला पाठवणार होते, त्यांच्याकडे माझा पत्ताच नव्हता. तुम्ही याला ‘अश्लील’ म्हणालात. लेखात मी आजारपणाच्या फोटोंबद्दल दोन परिच्छेद लिहिलेत, ते वाचून म्हणालात की न वाचता म्हणालात मला माहीत नाही, पण वाचून म्हणाला असाल तर लाज वाटायला हवी.

आणि हे माझं एकटीचं रडगाणं नाही. टम्बलरने कागदावर स्तन काढल्यानंतरच्या फोटोंना सूट दिलीच होती, पण चाळणी मशीनची होती आणि मशीनने साधी निरुपद्रवी चित्रंही अडकवली. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्राझीलमध्ये स्तनाच्या कॅन्सरची लक्षणं दाखवणारी पोस्ट इन्स्टाग्रामच्या मशीनने उडवली, जनजागृतीचीच पोस्ट होती ती, आणि जानेवारी २०२१ मध्ये ओव्हरसाइट बोर्डाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामचे असे निर्णय तपासणाऱ्या मंडळाने, ती काढणं चुकीचं होतं असा निर्णय दिला, माणसाची देखरेख कमी पडते हेही सांगितलं. त्याच्याही कितीतरी आधी, २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉग साइटने सुमारे ५०० खाती बंद केली, प्रोफाइलमधल्या आवडीच्या यादीतले अत्याचाराशी संबंधित शब्द बघून. त्यात अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगटही गेले, कारण शब्द तेच होते. नंतर माफी मागितली, बरीच खाती परत सुरू केली. लोक ओरडले म्हणून झालं ते. तुमच्या सल्ल्याप्रमाणे गप्प बसले असते तर झालं नसतं.

फुकटचं म्हणता तर एवढंच सांगते, २०१३ मध्ये याहूने टम्बलरला १.१ अब्ज डॉलर मोजले ते रिकाम्या सर्व्हरचे नव्हते, लोकांनी तिथे जे टाकलं होतं त्याचे होते. साठवायला खर्च येतो हे खरं असेल, त्यावर हिशोब मांडत बसायची माझी इच्छा नाही.

इमगर या इमेज होस्टिंग साइटने असाच नियम १९ एप्रिल २०२३ ला सांगितला आणि १५ मेपासून लागू केला, चार आठवडेसुद्धा नाहीत. तेव्हा लोक जे संतापले त्यातल्या बऱ्याच जणांचा नग्नतेच्या फोटोंशी काही संबंध नव्हता, त्यांनी फोरमवर दिलेल्या जुन्या उत्तरांतली चित्रं जाणार होती, कुठला स्क्रू आधी काढायचा, कुठली वायर कुठे लावायची. उत्तर राहणार आणि ‘खालच्या फोटोत बघा’ एवढंच त्यात उरणार. त्यांनाही तुम्ही हेच विचारणार का, तुमचंच काही असेल म्हणून? असणारच. त्यांनीच टाकलं होतं.

‘बॅकअप ठेवायचा होता’ असं तुम्ही म्हणाला नाहीत पण कुणीतरी म्हणेलच. ठेवला होता, जुन्या हार्ड डिस्कवर. पण ती लिंक कितीजणींनी कुणाकुणाला पाठवली होती ते माझ्या डिस्कवर नाही. आणि जिचे फोटो बघून मी सही केली तिचे माझ्याकडे नाहीत, तेव्हा सेव्ह करायचं सुचलं नाही, आणि आता ते कुठेच सापडत नाहीत.

माझे आता याच ब्लॉगवर वेगळ्या पानावर टाकतेय, वर स्पष्ट लिहून, ज्यांना बघायचे नाहीत त्यांनी उघडू नयेत. नऊच मिळाले. तिसऱ्या आठवड्यातले दोन, हात वर नेतानाचे, डिस्कवर उघडत नाहीत. त्या ग्रुपमधल्या कुणी हे वाचत असेल आणि तेव्हा सेव्ह केले असतील तर मला मेल करा, त्या दोनबद्दलच सगळ्यात जास्त प्रश्न यायचे.