सातव्या खेळीला गेलेला वजीर : एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

बुद्धिबळाच्या नवशिक्याने ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्या) पाठ करत बसू नये, आठवड्याला एक लांब डाव खेळावा आणि तो लिहून काढावा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हा सल्ला मोबाइल येण्याआधीचा आहे. तुमचा ९ वर्षांचा मुलगा रोज १५-२० ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट) डाव खेळतो, व्हिडिओ बघून सापळे शिकतो आणि दोन महिन्यांत त्याचं ऑनलाइन रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) २००ने वाढलं. शिवाय ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात, नाशिकमध्ये राहून मुलांना 'तयारी नको' सांगणं तुम्हाला खटकलं. आणि शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंत की गंगापूर रोडच्या स्पर्धेत मात्र त्याला सहा फेऱ्यांत दीडच गुण मिळाला, कारण समोरची मुलं फार वेळ लावतात.

आधी माझी चूक. 'ओपनिंगच्या वाटेला जाऊच नका' हे वाक्य मी लिहायला नको होतं. मधली घरं ताब्यात घ्या, घोडे-उंट लवकर बाहेर काढा, कॅसलिंग करा (राजा-हत्तीच्या एकत्र खेळीने राजा सुरक्षित न्या), एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नका, हेही ओपनिंगचंच शिक्षण आहे आणि ते पहिल्या महिन्यातच हवं. लहान मुलाला खेळात मजा वाटली पाहिजे, हेही तुमचं खरं. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

आता तुम्ही दिलेला तिसऱ्या फेरीचा डाव. तुमच्या प्रतिक्रियेतला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग हाच. मी तो पटावर मांडून दोनदा पाहिला. मुलगा काळ्याने खेळत होता. (घरांची नावं अशी : उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८.) दोन्ही राजांसमोरची प्यादी दोन-दोन घरं पुढे, पांढऱ्याचा घोडा एफ३, आपला घोडा सी६, पांढऱ्याचा उंट सी४, आणि आपला घोडा थेट डी४वर. हा जुना, प्रसिद्ध सापळा आहे. पांढऱ्याने हावरेपणाने ई५चं प्यादं मारलं, की काळ्याचा वजीर जी५वर येतो. मग घोड्याने एफ७ मारलं तर वजीर जी२ मारतो आणि सातव्या खेळीला एफ३वर घोड्याची मात बसते. ऑनलाइन तीन मिनिटांच्या डावात समोरचा ते प्यादं मारतो, आपण जिंकतो, रेटिंग चढतं. तुमचे २०० गुण मला खोटे वाटत नाहीत.

पण गंगापूर रोडच्या त्या मुलीने ते प्यादं मारलं नाही. तिने डी४वरचा घोडा मारला. आपण प्याद्याने तिचा घोडा मारला, तिने कॅसलिंग केलं. त्या क्षणी सापळा संपला होता. तरी तुमच्या मुलाने वजीर जी५वर आणलाच, कारण व्हिडिओत तो तिथे येतो. मग तिने डी२चं प्यादं एक घर पुढे घेतलं. साधी, बिनआवाजाची खेळी. आपण उंट सी५वर काढला आणि तिच्या सी१च्या उंटाने वजीर उचलला. त्या प्याद्याने डी२ सोडलं तेव्हा सी१पासून जी५पर्यंतची तिरकी वाट मोकळी झाली होती, ती दिसली नाही.

तुम्ही लिहिलंत, 'तो घाबरला'. मला तसं वाटत नाही. त्याला तिची खेळी बघायची सवय कोणी लावलेलीच नाही. ब्लिट्झमध्ये हात आधी चालतो, डोळे मागून येतात. समोरच्याने जे मोहरं हलवलं ते आता कशावर नेम धरतंय, आणि उठताना त्याने मागे कोणती वाट मोकळी केली, हे दोन प्रश्न प्रत्येक खेळीला स्वतःला विचारायचे. नवशिक्यांचे बरेच वजीर आणि हत्ती यातला दुसरा प्रश्न न विचारल्याने जातात. ती मुलगी वेळ लावत होती म्हणजे हेच करत होती, ताई.

म्हणून मी डाव लिहायला सांगतो. लिहिणारा मुलगा समोरच्याचीही खेळी कागदावर उतरवतो, म्हणजे ती त्याला एकदा तरी नीट बघावीच लागते. (पूर्वी शिक्षक सांगायचे, आपली खेळी आधी लिहा, मग खेळा. आता फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमात ते चालत नाही. खेळून मग लिहायचं.) घरी आल्यावर तोच कागद घेऊन बसायचं, आणि इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक प्रोग्राम) शेवटी लावायचं. इंजिन सांगतं की सातव्या खेळीला वजीर गेला. तो का दिसला नाही, हे मुलालाच शोधावं लागतं. त्याने स्वतः शोधलेली एक चूक वहीत लिहिली, तर पुढच्या दहा डावांत ती त्याला आठवते.

रेटिंगच्या आकड्यांवर फार वेळ घालवत नाही. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर नवा खेळाडू १५००वरूनच सुरू होतो. फिडेने १ मार्च २०२४पासून किमान रेटिंग १०००वरून १४०० केलं. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, एकीवरचा आकडा दुसरीवर लावू नका.

विदितबद्दल मात्र बोलायला हवं. २०२४च्या टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) त्याने अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवलं, तेव्हा आम्ही नाशिककर रात्री जागत होतो. दुसऱ्या फेरीत काळ्याने खेळताना त्याने एच३वर उंटाचा बळी दिला, त्यामागे घरची तयारी होती. म्हणजे तयारीला किंमत आहे, तुमचं बरोबर. पण तयारी संपल्यावर पुढचा डाव त्याला पटावरच शोधावा लागला, आणि तिथे पहिल्या ४० खेळ्यांसाठी प्रत्येक खेळाडूला मिळून दोन तास होते. आपल्या मुलाची तयारी चौथ्या खेळीला संपली. त्यापुढचं त्याला शिकवायचं आहे.

डावाच्या शेवटच्या टप्प्याचं एकच सांगतो, कारण त्याची खंत मला आजही आहे. शाळेत असताना पंचवटीतल्या एका स्पर्धेत माझ्याकडे राजा आणि डी पट्टीतलं एक प्यादं होतं, समोर एकटा राजा. राजा पुढे न्यायचा सोडून मी प्यादंच ढकलत राहिलो, ते सातव्या रांगेत पोचलं आणि स्टेलमेट झालं (समोरच्या राजाला शह नाही, पण खेळीही उरली नाही, म्हणून डाव बरोबरीत). आपला राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या रांगेत पोचला, की खेळी कोणाचीही असो, डाव जिंकता येतो. फक्त कडेच्या पट्टीतलं प्यादं सोडून. हे शिकायला अर्धा तास लागतो. मुलाला एका संध्याकाळी पटावर करून दाखवा.

ब्लिट्झ बंद करू नका, रविवारी खेळू द्या. बाकी दिवशी २० मिनिटं कोडी, घोड्याचा दुहेरी मार, पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचं मोहरं अडकणं), दोन खेळ्यांची मात, आणि शनिवारी अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक लिहिलेला डाव.

आज रात्री एवढं करा. तोच डाव मांडा, तिने डी३ खेळल्यावर थांबा, काहीही सुचवू नका, आणि त्याला विचारा की आता कोणती वाट उघडली. तो काय म्हणाला ते इथे खाली नक्की लिहा. मी वाट बघतो.