चुगली की काय?

काल रात्री मन्या कटिंग न घेताच कट्ट्यावर येऊन बसला तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय. त्याची पोरगी नववीत, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मुलाने टाकलेलं "सोमवारी बघा, एकेकाला दाखवतो" आणि खाली सुरीचा फोटो, तोही घरच्या ओट्यावर ठेवून काढलेला, शेजारी अर्धा चिरलेला कांदा. बाकी पोरांनी हसून लोळायचे इमोजी टाकलेले. पोरीने बापाला स्क्रीनशॉट दाखवला पण अट घातली, माझं नाव कुठे यायला नको.

पप्या लगेच सुरू. अरे पोरं आहेत, आपण काय कमी धमक्या दिल्यात का, "शाळा सुटल्यावर भेट" तर रोजचं होतं, आता तू बाईंना सांगणार, बाई हेडमास्तरांना, ते पोलिसांना, त्या पोराचं वर्ष वाया आणि तुझी पोरगी चुगलखोर म्हणून दहावीपर्यंत एकटी डबा खाणार. खोटं कशाला बोलू, मला अर्धं पटलं होतं.

सचिनचा भाऊ अमेरिकेत मिशिगनमध्ये ट्रॉयला असतो, ऑक्सफर्ड हायस्कूल त्याच काउंटीत. ३० नोव्हेंबर २०२१ ला त्या शाळेत झालेल्या गोळीबाराचं प्रकरण त्याला तोंडपाठ. आदल्या दिवशी १५ वर्षांचा पोरगा वर्गात मोबाइलवर बंदुकीच्या गोळ्या शोधताना बाईंना दिसला, शाळेने आईच्या फोनवर निरोप ठेवला, तर आईने पोरालाच मेसेज केला की मी चिडले नाहीये, फक्त पकडला जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या कागदावर पिस्तूल, गोळ्या लागलेला माणूस, आणि बाजूला लिहिलेलं, विचार थांबत नाहीत, मला मदत करा. आईबापाला बोलावलं, ते त्याला घरी न्यायला तयार नाहीत, दप्तर कोणी उघडून बघितलं नाही, पोरगा परत वर्गात. दुपारी एकच्या सुमारास त्याने गोळ्या झाडल्या, चार मुलं गेली. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी आणलेलं, पण त्या मीटिंगमध्ये दोघांपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही. २०२४ मध्ये दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली.

"तिकडे बंदुका भाजीसारख्या मिळतात रे," पप्या म्हणाला. "आणि बाईंनी सांगितलंच होतं की, काय उपयोग झाला? फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा पण एफबीआयला आधीच फोन गेला होता ना?"

इथे पप्याचं बरोबर होतं. जानेवारी २०१८ मध्ये एका बाईने त्या पोराबद्दल फोन करून सांगितलेलं, ते मायामीच्या ऑफिसपर्यंत पोचलंच नाही, १४ फेब्रुवारीला १७ माणसं गेली.

सचिन म्हणाला म्हणूनच एकदा सांगून मोकळं व्हायचं नाही, नंतर विचारत पण राहायचं. तिकडे 'ओके टू से' म्हणून लाइन आहे, नाव न देता कळवता येतं. आपल्याकडे काय? मी म्हटलं १०९८ आहे की, चाइल्डलाइन.

"ती अडचणीतल्या मुलांसाठी असते," पप्या.

"मग हा कोण आहे?" मन्या पहिल्यांदाच बोलला. "पोरगी सांगत होती, दिवाळीपासून मधल्या सुट्टीत कोणी त्याच्या शेजारी बसत नाही. बॅग दोनदा संडासात टाकली त्याची."

हे आधी बोलायचं ना राव.

पावणेदहा वाजलेले. मन्याने वर्गशिक्षिका बाईंचा नंबर काढला, स्क्रीनशॉटमधून पोरीचं नाव कापायचं कसं ते त्याला येईना, शेवटी पप्यानेच मोबाइल हिसकावून कापून दिलं.